सव्वादोनचा हात

आमच्या घरातल्या सगळ्या बायकांचे हात अडीचचे. बांगड्यांचं माप म्हणते मी. आईचा अडीच, मोठ्या आईचा म्हणजे बाबांच्या आईचा अडीच, आणि माझाही तेराव्या वर्षीच अडीचला आला, कारण निर्मळच्या आमच्या वाडीत चालता येऊ लागल्यापासून प्रत्येकीच्या हातात कोयता नाहीतर कळशी. एकटी नातालीन आत्या तेवढी सव्वादोनची. बाबांची ती धाकटी बहीण. तीही तेच पाणी भरायची, तेच केळीचे घड उचलायची, पण तिचा पंजा काही रुंद झाला नाही. मोठी आई म्हणायची, "हिच्या वेळेला देवाकडची माती संपत आली होती." आत्या हसायची आणि बरणीच्या तळाशी अडकलेलं लोणचं काढायला सगळ्यांच्या आधी तिचाच हात आत जायचा. आमचे हात बरणीच्या तोंडाशीच अडायचे.

त्या वेळची मी कशी होते ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी माझी कीव करणार नाही. चौदा वर्षांची, दोन घट्ट वेण्या, पुढचे दात जरा बाहेर, आणि आपल्याइतकं हुशार गावात कोणी नाही ही ठाम समजूत. रविवारच्या मिस्सेनंतर देवळाच्या अंगणात मी दहा मिनिटं उभी राहिले की कोणाची गाय व्याली आणि कोणाची सोयरीक फिसकटली हे मला पाठ. बाबा म्हणायचे, "फिलूला पोस्टात लावा, तिकिटांचा खर्च वाचेल." मला ते कौतुक वाटायचं. परवा माझा तेव्हाचा एक फोटो सापडला. कॅमेऱ्याकडे बघतानासुद्धा तोंड उघडं आहे. काहीतरी सांगत असणार.

ते दिवस सुकेळ्यांचे होते. हल्ली ती दुकानात पाकिटात मिळतात आणि महाग असतात, त्यामुळे नातवंडांना वाटतं ती चॉकलेटसारखी कुठल्यातरी कारखान्यात होतात. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, मांडवावर उन्हात घालायची, रोज उलटायची, माश्या आणि खारी हाकायच्या, आणि मधाच्या रंगाची झाली की केळीच्याच सुक्या पानात गुंडाळून गठ्ठे बांधायचे. सगळ्या अंगणाला गोड, जरासा आंबूस वास. पलीकडे विहिरीवर रहाट कुरकुरत असायचा आणि बैल थांबला की तोही थांबायचा. त्या दुपारी तो थांबला म्हणून मी मान वर केली, तर बावखलाच्या म्हणजे तळ्याच्या बाजूने, जिथून फक्त गुरं पाण्यावर जातात तिथून, नातालीन आत्या येत होती. वहाणा हातात, पदर डोक्यावरून गळ्यापर्यंत ओढलेला. आईसमोर येऊन ती एवढंच म्हणाली, "वहिनी, पाणी दे."

पाण्याचा तांब्या घ्यायला तिने हात पुढे केले तेव्हा आम्ही पाहिलं. दोन्ही हात मोकळे. डावं मनगट सुजून काळंनिळं झालेलं आणि त्यावर बारीक बारीक चिरा, काहींत अजून काच. काचेच्या बांगड्या फुटतात ते मला माहीत होतं. हातातल्या हातात फोडल्या तर अशा दिसतात हे मला त्या दिवशी कळलं. आईने खोबरेल आणि शिवणाची सुई आणली आणि दिवस मावळेपर्यंत ती आत्याच्या मनगटातून काच काढत बसली. मधेच आंजेलूसची, म्हणजे संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली. आम्ही सवयीने उभ्या राहिलो. आत्याला क्रूस करायला उजवा हात वर नेतानाही कळ आली.

हे पहिल्यांदा नव्हतं. आधी दोनदा ती आली होती आणि दोन्ही वेळा गावातल्या चार मोठ्या माणसांनी समजूत घालून तिला खाडीपलीकडे सासरी परत धाडलं होतं. या वेळी बाबांनी वेगळं ठरवलं. मोठ्या आईच्या नात्यातली एक सिस्टर लांब घाटावर मिशनच्या दवाखान्यात होती. आत्याला तिथे नर्सिंग शिकायला घ्यावं असं पत्र बाबांनी फादरांकडून लिहून घेतलं. उत्तर येईपर्यंत आत्या आमच्या घरात आहे हे कोणालाही कळता कामा नये. नवरा आला आणि चारचौघांना घेऊन आला तर बाबांच्याने ते अडवणं होणार नव्हतं, आणि चौथ्यांदा ती पळू शकेल असं तिच्याकडे बघून कोणालाच वाटत नव्हतं.

माझे बाबा चौथी शिकलेले. पण तेव्हा त्यांनी जेवढा विचार केला तेवढा आज माझ्या नातीच्या ऑफिसातली माणसंही करत नसतील. आत्याचं लुगडं दोरीवर वाळत घालायचं नाही, माळ्यावर घालायचं. पाववाला सायकलवरून यायचा आणि घराघराचे पाव त्याला तोंडपाठ, म्हणून आमचे आठ पाव आठच राहिले. आई म्हणाली, मला हल्ली पाव बाधतो, आणि तिचे पाव आत्याला गेले. रस्त्याकडची खिडकी लावलेली. तेर्साला म्हणजे संध्याकाळच्या जपमाळेला आत्याने फक्त ओठ हलवायचे, कारण तिचा आवाज देवळाच्या गायनमंडळातला, शेजारी लगेच ओळखतील. आणि शेवटी माझ्याकडे बघून बाबांनी भिंतीवरचा क्रूस काढला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "चुंबन घे. म्हण, मी कोणाला सांगणार नाही." मी घेतलं. आणि आज एवढ्या वर्षांनी मी छातीवर हात ठेवून सांगते, मी कोणाला एक शब्द सांगितला नाही. मी फक्त बांगड्या घेतल्या.

माझी नात रिया माणिकपूरला एका ऑफिसात काम करते. लोकांच्या फोनमधून काय काय चोरीला जातं ते बघायचं तिचं काम. मागच्या वर्षी आम्ही सगळे वेलंकनीला निघालो तेव्हा मी ट्रेनमधून सगळ्यांचा फोटो स्टेटसला ठेवला आणि खाली लिहिलं, घरातले अकराच्या अकरा निघालो, आता आठ दिवसांनी भेट. रियाने माझा फोन ओढून घेतला. "आजी, घर रिकामं आहे असा बोर्ड लावलास तू. वर कधीपर्यंत रिकामं आहे तेही लिहिलंस."

"मी कुठे कोणाला पत्ता दिला?"

"कोणी पत्ता विचारत नाही ग. लोक तुकडे गोळा करतात. एक तू देतेस, एक दुसरा देतो."

मी हसले. तिला वाटलं मी तिला हसले.

तर बांगड्या. आत्याला दहा दिवस झाले होते. सूज उतरली होती. ती माळ्याखालच्या अंधाऱ्या खोलीत बसून सुकेळी गुंडाळायची, मला लंगडी-पळतीतल्या जुन्या भांडणांच्या गोष्टी सांगायची, आणि बोलता बोलता सवयीने हात झटकायची. बांगड्या मागे सारायची सवय. मागे सारायला काही नसायचं. एकदा ती म्हणाली, "फिलू, आवाज नसला की हात आपले वाटत नाहीत बघ." तेवढंच. माझ्या डोक्यात किडा शिरायला तेवढं पुरे होतं. पास्काचा म्हणजे ईस्टरचा सण आठ-दहा दिवसांवर आला होता. मी ठरवलं, सणाला आत्याचे हात भरलेले हवेत.

गोदा कासारीण वर्षातून चार-पाच वेळा आमच्याकडे यायची. खाडीकाठच्या गावची बाई, काळी, उंच, डोक्यावर टोपली आणि खांद्यावर सुतळीत ओवलेल्या बांगड्यांच्या माळा. ख्रिस्ती असो की हिंदू, खाडीच्या अल्याड-पल्याड प्रत्येक घरातला हात तिने दाबून पाहिलेला. आमच्याकडेही नवरी चुडा भरल्याशिवाय वेदीसमोर जात नसे आणि आत्याचा चुडा गोदानेच भरला होता. त्या दिवशी आईने तिला फाटकातूनच परतवलं. "उपवासकाळ चाललाय गोदाबाय, सणानंतर ये." गोदा गेली. मी परसातून सुकेळ्यांचा एक गठ्ठा उचलला आणि वाडीच्या आतून धावत जाऊन तिला चिंचेखाली गाठलं.

"सव्वादोनच्या आहेत का, गोदामावशी? निळ्या."

"कोनाच्या मापाच्या ग या?"

"माझ्याच."

तिने माझा हात धरला, अंगठ्याच्या मुळाशी दाबला आणि सोडून दिला. "तुजा हात आयशीवर गेला. सव्वादोनात चार बोटा जातील, अंगठा भायेर बोंबलत ऱ्हाईल."

"म्हणजे मैत्रिणीच्या. शाळेतल्या."

"कुठली?"

"माणिकपूरची."

"मानिकपूरची पोर तुज्याकडना बांगड्या मागवते? तिथं दुकानांना काय आग लागली?"

आता इथे एखादी शहाणी मुलगी गठ्ठा उचलून घरी गेली असती. मला मात्र वाटलं, खोटं पक्कं करायचं तर त्यात थोडं खरं घालावं. म्हणून मी म्हटलं, "तिच्या डाव्या हाताला लागलंय, म्हणून ती दुकानात जात नाही. डाव्या हाताच्या जरा सैलच द्या." आणि आपण किती बेमालूम थाप मारली म्हणून मनातल्या मनात खूश झाले.

गोदाने माळ सोडली. बोटाने मोजून निळ्या बांगड्या काढल्या, कागदात बांधल्या. सुकेळी हुंगून टोपलीत ठेवली. "सैल नको," ती म्हणाली. "सैल बांगडी लवकर वाढवते. सव्वादोनच बरोबर व्हईल. तेल लावून भर म्हनावं, आनि हाताला जप म्हनावं."

त्यात काही वाईट नव्हतं. तिने मनात काही ठेवलंही नव्हतं. ते मला पुढे कळलं, आणि तेच जास्त लागलं.

आत्याने कागद उघडला आणि त्यातली एक निळी बांगडी उजेडाकडे धरून बघितली. आईने माझा कान धरला. "कुठून आणल्यास?" मी म्हटलं, माणिकपूरच्या दुकानातून, शाळेतून येताना. आईने कान सोडला. आत्याने तेल लावून एकेक बांगडी चढवली. डाव्या हातात घालताना डोळ्यांत पाणी आलं तरी थांबली नाही. त्या संध्याकाळी तिने तेर्साला नेहमीसारखे नुसते ओठ हलवले, पण मण्यांवरून बोटं सरकताना बांगड्यांचा बारीक आवाज येत होता. बाबांनी मान वर करून बघितलं. मला वाटलं, आता ओरडतील. ते पुन्हा प्रार्थना म्हणू लागले.

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे सणाच्या आधीच्या रविवारी, आम्ही सगळे देवळात गेलो. बाहेरून कुलूप, आत आत्या. आठवड्यामागेही असंच केलं होतं. परत आलो तेव्हा आमच्या सगळ्यांच्या हातात आशीर्वादित झावळ्या होत्या आणि ओट्यावर आत्याचा नवरा बस्त्याव, त्याचे दोन भाऊ आणि त्यांच्या गावचा एक म्हातारा बसला होता. स्वच्छ कपडे, डोक्याला तेल. बस्त्याव उठून उभा राहिला. "पास्कूदादा, बायकोला न्यायला आलो. सण आला, घर रिकामं दिसतं."

बाबा म्हणाले, "ती इथे नाही."

"मग कुलूप उघड की."

शेजारीपाजारी मिस्सेहून परतत होते, तेही कुंपणाशी थांबले. म्हाताऱ्याने लग्न देवळात लागलंय, देवाने जोडलंय, वगैरे सुरू केलं. कुंपणापलीकडून एक-दोघांनी माना हलवल्या. बाबांनी कुलूप उघडलं नाही. तेव्हा आतूनच आत्याचा आवाज आला, "उघड दादा. गाव जमा झालंय." तिचा तो गायनमंडळातला आवाज. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने.

ती बाहेर आली. बाबांनी बस्त्यावला विचारलं, "तुला कोणी सांगितलं?"

तो हसला. "तुझ्याच घरातनं कळलं. आम्ही कशाला कोणाला विचारायला जातो?"

आत्याने मान वळवून बाबांकडे पाहिलं. दोनच दिवसांपूर्वी आई आणि बाबा स्वयंपाकघरात बोलत होते. बाबा म्हणाले होते, असं किती दिवस चालणार, पत्र काही येत नाही. ते तिने ऐकलं होतं. आणि आदल्या दिवशी बाबा केळी घेऊन खाडीपलीकडच्या बाजारात गेले होते, तेही तिला माहीत होतं. तिने दोन्ही गोष्टी एकमेकींशेजारी ठेवल्या. ती म्हणाली, "दादा, जड झाले होते तर मला सांगायचंस. मी आपली आपण गेले असते."

बाबांनी तोंड उघडलं. मग त्यांची नजर तिच्या हातावर गेली, तिथून माझ्यावर आली, आणि त्यांनी तोंड मिटलं. मी झावळी घट्ट धरून उभी होते. देवळातून आणलेल्या झावळीचे आम्ही क्रूस विणायचो. मी ती तिथल्या तिथे विणायला घेतली, कशीतरी, खाली बघत. चौघं तिला मधे घेऊन निघाले. रस्त्याच्या वळणापर्यंत बांगड्या ऐकू येत होत्या.

घाटावरून सिस्टरचं पत्र गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी आलं. मुलीला ताबडतोब पाठवा, जागा आहे. बाबांनी ते प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं आणि त्या पुस्तकात ते शेवटपर्यंत होतं.

सणानंतर गोदा आली. मला बघून म्हणाली, "बसल्या का ग बांगड्या आत्याला? तिच्या सासूचे हात भरायला गेले व्हते, तवा बोलले, सून माह्यारी बरी हाय, भाची निळ्या बांगड्या घेऊन गेली, हाताला लागलेला पन आता बरा व्हईल." तिला वाटलं होतं लेक माहेरपणाला आली आहे. तिला दुसरं काय वाटणार? आमच्या घरात दुसरा सव्वादोनचा हात नव्हता. मी तिला पाणी दिलं आणि ती जाईपर्यंत हसत राहिले.

आत्या मेली नाही, पळाली नाही. तिला तीन मुलं झाली. तिचं मनगट वाकडंच जुळलं. देवळात कधी सणाला दिसली तर आईशी बोलायची, माझ्या गालाला हात लावायची, बाबांकडे बघायची नाही. आमच्या घराची पायरी ती पुन्हा चढली नाही.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी विशीत होते. चुड्यासाठी आई गोदाला निरोप धाडणार होती. बाबा म्हणाले, "नको. मी आणतो." केळीच्या बागाईतदाराने माणिकपूरच्या दुकानात बांगड्यांसमोर उभं राहायचं म्हणजे काय, हे आता कोणाला कळायचं नाही. संध्याकाळी ते दोन पुडे घेऊन आले. एक माझा, अडीचचा हिरवा चुडा. दुसरा लहान. दुसऱ्या दिवशी तो लहान पुडा सायकलच्या दांडीला बांधून ते आमंत्रण द्यायला खाडीपलीकडे गेले आणि दुपारी पुडा तसाच बांधलेला घेऊन परत आले. मी अंगणात होते. ते सायकल भिंतीला लावत म्हणाले, "नाही घेतल्या. येणार नाही म्हणाली."

मी पुडा सोडवला. आत निळ्या बांगड्या होत्या.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"माप घरात सगळ्यांनाच माहीत होतं की."

"मग तिला सांगितलं का नाही?"

त्यांनी सायकलच्या घंटीवरची धूळ पुसली. "भावावर रागावता येतं ग. तेवढं तरी तिला असू दे. चौदा वर्षांच्या पोरीवर रागावून तिने काय केलं असतं?"

मी त्याच दिवशी जायला हवं होतं. नवरीने हळदीआधी घराबाहेर पडू नये म्हणून गेले नाही. लग्नानंतर सासरी नवी होते म्हणून नाही. मग बाळंतपण. मग आजारपण. फार कर्तबगार होते मी कारणं शोधण्यात, रियाच्या ऑफिसात मला नक्की नोकरी मिळाली असती. बाबा गेले तेव्हा आत्या आली होती. सिमेट्रीच्या फाटकाबाहेर उभी राहिली, आत आली नाही. सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली. मी तिच्यापासून दहा पावलांवर होते. लोक होते आजूबाजूला. मी मनात म्हटलं, एकटी भेटेल तेव्हा सांगेन. ती पुढच्या पावसाळ्यात गेली.

या गोष्टीत मी आमची घरची बोली न लिहिता पुस्तकातलं मराठी लिहिलंय, कारण नातवंडांना बोली बोलता येते पण वाचता येत नाही, आणि हे त्यांनी वाचायला हवं आहे. गेल्या महिन्यात रिया माझं कपाट आवरत होती. बिस्किटांच्या जुन्या डब्यात तिला तो पुडा सापडला. कागद पिवळा पडलाय, बांगड्या मात्र नव्या कोऱ्या. तिने एक घालून बघितली. चार बोटं गेली, अंगठा बाहेर राहिला.

"आजी, किती लहान आहेत. या कोणाच्या मापाच्या?"

बाहेर अंगणात शेजारच्या दोघी-तिघी भाजी निवडत बसल्या होत्या, त्यांचं बोलणं आत ऐकू येत होतं, म्हणजे आमचं बाहेर जात असणार. मी सवयीने खिडकी लावायला उठले. कडीपर्यंत हात गेला. मग मी ती उघडीच ठेवली, पलंगावर येऊन बसले आणि तिला सांगितलं.